बिनपॉलिशचा माल

तर काल सांगता सांगता राहिलं ते हे, की वसरामनं डॉक्टरांच्या टेबलावरचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे उचलले, अंगठ्यानं चोळून पाहिले आन् एक परत सरकवला.

"हा नको, साहेब. बिनपॉलिशचा हाय."

आता यात त्याची तरी काय चूक? कळमनुरीजवळच्या तांड्यावरचा हा गडी वीस वर्षं ट्रॅक्टरला ड्रम जोडून गावोगाव हळद पॉलिश करतो. खरखरीत म्हणजे पडत्या भावाचा माल, हे त्याच्या बोटांनाच पाठ. गेल्या हंगामात पोती उचलता उचलता कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी फाटली, उजवा पाय बधिर झाला, म्हणून नांदेड गाठलं. गादीच्या जागी टणक प्लास्टिकचा ठोकळा बसणार होता. त्याला हाडानं धरलं तर ड्रम फिरणार. नाही तर विकून टाकायचा.

डॉक्टर म्हणाले, "अहो, नुसत्या गुळगुळीत प्लास्टिकला हाड नीट धरत नाही. म्हणून या दुसऱ्यावर हाडात असतो तसल्याच क्षाराचा खरखरीत लेप दिलाय. हाड त्याला आपलं मानतं आणि त्यावर वाढत जातं."

वसराम गुळगुळीत तुकडा सोडेना. तेवढ्यात बायको, नीलाबाई, मागून कडाडली, "काहून हट्ट करून राहिले? बेणं ठेवता तवा पॉलिश करता का?"

लावणीसाठी राखलेले बेण्याचे गड्डे माती-मुळ्यांसकटच ठेवतात, हे वसरामला कोण शिकवणार? त्यानं खरखरीत तुकडा हळूच पुढं ओढला.

"बाई," डॉक्टर हसले, "उद्यापासून माझ्या खुर्चीत तुम्हीच बसा!"

दिवाळीआधी ऑपरेशन झालं. मग सहा महिने कमरेला पट्टा. हा नुसता शिंकला तरी नीलाबाई विचारी, "हाललं का?" रात्री कूस बदलतानाही त्याच्या जिवाला तीच धाकधूक.

शेवटी एक्स-रेचा फोटो निघाला. डॉक्टरांनी त्यावर बोट टेकवलं. "हे बघा, वरून-खालून हाड आलंय. बरोबर धरलं. ड्रम चालवा, पोती मात्र दुसऱ्यानं उचलायची."

वसरामनं असा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले. नीलाबाईनं पदर डोळ्याला लावला.

परवा कुरुंद्यात व्यंकटरावांच्या हळदीवर ड्रम लागला. व्यंकटराव कसले सोडतात! "काय वसरामभाऊ, साऱ्या गावाला पॉलिश, आन् स्वतःच्या पाठीत बिनपॉलिशचा माल?"

वसरामनं ड्रमचं झाकण लावलं, कंबर ताठ केली आन् म्हणाला, "पॉलिश बाजारात जायच्या मालाला, मालक. माझ्या मालाला तर बाहेरच पडायचं न्हाई."