विकायचं पडवळ

बजरंग तापात गेला त्याला महिना होऊन गेला होता. सुतकाचे दिवस सोडले तर सोजरबाईची भाजीची पाटी एकदाही चुकली नव्हती. कात्रजच्या वाटेवरच्या मळ्यातून ती पहाटे निघायची आणि उन्हं वर यायच्या आत पुण्यात पोचायची. लोक म्हणत, पोटचा पोर गेला तरी म्हातारी दगडासारखी. तिला तेही ऐकू येई, पण आत कुठे लागत नसे. डोक्यावर ओझं असलं की मान वळवावी लागत नाही, एवढंच तिला बरं वाटे.

घरी बजरंगची बायको शकू आठ दिवस पडून होती. अंगात कडकी, तोंड आलेलं. भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवला की डोळ्यांतून पाणी काढायची आणि तुकडा तसाच परत द्यायची. बजरंगचंही असंच सुरू झालं होतं.

सदाशिव पेठेतले अनंतवैद्य ओसरीवर बसून सोजरबाईच्या पाटीतली पडवळं निवडत होते. दसरा झाला तसे ते रोज पडवळच घेत.

"रोज हेच खाता, कंटाळा न्हाई येत?" सोजरबाईनं विचारलं. विचारायचं होतं वेगळंच.

"येतो की. पण तापाचा कंटाळा त्याहून जास्त," वैद्य म्हणाले. "पावसाळ्यात साठलेलं पित्त या आश्विनाच्या उन्हात उसळतं. म्हणून या दिवसांत पडवळ, दुधी, दोडका, थोडं कारलं. हलकं, थंड, कडवट. देवानं याच दिवसांत वेलीवर लावलंय ते उगीच नाही. तुला काय सांगायचं, तू तर त्यातच लोळतेस."

"आमी कुठं खातो?"

वैद्यांनी वर पाहिलं. "मग काय खाता?"

"बाजरीची भाकरी. ठेचा."

"आश्विनात? बाजरी आणि ठेचा?"

"पाटीतलं घरच्या चुलीवर चढवायचं न्हाई. सासूनं घालून दिलंय. किडकं, जून निघालं तर तेवढं." मग ती एका सुरात म्हणाली, "सून जेवत न्हाई. तोंड आलंय, आग होती."

वैद्यांनी हातातलं पडवळ पाटीत परत ठेवलं. "काढा देतो. पण उपाशी पोटी काढा काय करणार? आधी पोटात काही जाऊ दे. मुगाची डाळ घालून पडवळ मऊ शिजव. मिरची नको, दही नको."

काढ्याची पुडी कमरेला खोचून सोजरबाई उठली, पण पायरीशी थांबली.

"बजरंगाला घातलं असतं तर?"

"ते मला सांगता यायचं नाही, सोजरबाई."

तिनं मान डोलावली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उरलेली भाजी विकून ती मळ्यात परतली.

पडवळ वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या शेंड्याला दगड बांधतात. हे सगळे दगड बजरंगनंच शोधून, दोऱ्या लावून ठेवलेले. वेलीच्या मांडवाखाली ती आली तेव्हा सगळ्यांत सरळ पडवळ कोणतं ते तिला शोधावं लागलं नाही. विकणाऱ्या बाईची नजर आधी तिथंच जाते. तिनं गाठ सोडली, दगड खाली ठेवला, पडवळ तोडलं.

विळीच्या पाठीनं वरची पांढरी लव खरवडली, बारीक चिरलं. येताच भिजत घातलेली मुगाची डाळ तोवर फुगली होती. जिरं, मीठ, थेंबभर तूप. घरात असला वास कधी आला नव्हता. शकूनं भिंतीकडचं तोंड वळवलं.

"आत्याबाई, हे विकायचं हाय."

"व्हय."

"मग?"

"उठ. बस टेकून."

पहिला घास शकूनं बराच वेळ तोंडात धरला. सोजरबाई तिच्या गळ्याकडे बघत राहिली. गळा हलला, घास उतरला. दुसऱ्याला शकू कण्हली, पण तोही गेला. चार घासांनंतर तिनं हात थांबवला.

"ह्यांना..." शकू म्हणाली.

"न्हाई घातलं," सोजरबाई म्हणाली. "ठावं नव्हतं."

शकूनं ताटली बाजूला सारली नाही, हे बघून सोजरबाईनं आणखी एक पळी वाढली.