शिकाऊ मावशी

सगळी गल्ली त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायची. अडतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी, त्यातली शेवटची अकरा वर्षं बायकांच्या वॉर्डाच्या प्रमुख म्हणून. निवृत्त होऊन वीस वर्षं उलटली, तरी कुणाच्या पोराला ताप आला की पोर आधी मोठ्या सिस्टरच्या दारात यायचं, मग डॉक्टरकडे जायचं. त्या कपाळाला हात लावून ताप किती ते सांगायच्या आणि थर्मामीटर त्यांच्यामागून येऊन फक्त ‘हो’ म्हणायचा.

आता त्या एक्क्याऐंशीच्या झाल्या होत्या. सव्वा वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजवा पाय ओढत होता आणि बोटांत जोर नव्हता. जीभ मात्र झटक्यातून सहीसलामत सुटली होती. त्यांना उठवणं, बसवणं, आंघोळ घालणं, कपडे चढवणं हे सारं सून एकटीने करत आली. सून मोठी देवभोळी. कामाला देवाचं नाव घेऊन हात घालायची आणि हात दुखले तरी देवाचंच नाव घ्यायची. पण शरीराला कुठे भक्ती कळते? तिच्या बेंबीखाली लिंबाएवढा फुगवटा आला. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, ऑपरेशन करावं लागेल आणि पुढे तीन महिने भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही.

तारीख दोनदा ठरली आणि दोनदा मोडली, कारण सासूबाईंना सांभाळायला बाई टिकत नव्हती. पहिली आली ती अर्ध्या दिवसात गेली. तिची नखं वाढलेली होती. दुसरी दोन दिवस टिकली. तिला घालवून मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “नाडी अंगठ्याने बघत होती. अंगठ्याला आपली स्वतःची नाडी असते. दोन दिवस ती स्वतःचीच नाडी मोजत होती, आणि तुम्ही तिला चहा पाजत होतात.”

तिसरी तारीख सोमवारची मिळाली, अठरा दिवसांवर. डॉक्टरांनी बजावलं, “बाई, आतडं अडकलं तर ते तुमच्या घरची सोय बघून अडकणार नाही.”

तेव्हा मोठ्या सिस्टरच्या मुलाने युक्ती काढली. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. फ्रेम कुठलीही असो, नाक कसंही असो, गिऱ्हाइकाला ‘शोभतोय हो तुम्हाला’ म्हणायची सवय झालेली. जिभेला कायमची साखर लागली होती.

“आईला बाई ठेवतोय असं म्हणायचंच नाही,” तो म्हणाला. “एक मुलगी शिकायला येतेय म्हणायचं. तुझ्या हाताखाली, म्हणायचं. बघ कशी खुलते.”

“अहो, पण हे खोटं झालं.”

“खोटं कसलं? शिकेलच की ती काहीतरी.”

ओळखीच्या औषधवाल्याने एक बाई पाठवली. वय चौतिशीचं, या घरातल्या सगळ्यांपेक्षा धाकटी, पण या कामातल्या बाईला मावशी म्हणायचं म्हणून मावशी. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं तिने सहा वर्षं केलं होतं. सुनेने तिला दारातच बाजूला घेऊन समजावलं की तुला काही येत नाही असं दाखवायचं.

“बघते वहिनी,” मावशी म्हणाली. “करायचं काम सोपं असतं. न येण्याचं सोंग अवघड.”

मोठ्या सिस्टर खरोखरच खुलल्या. वीस वर्षांनी हाताखाली कुणीतरी आलं होतं. पहिल्याच सकाळी त्यांनी केस नीट बांधून घेतले, काठी घेतली आणि खुर्चीत बसून मावशीला समोर उभं केलं.

“आजी, मी काय म्हणते...”

“आजी बाहेर. कामावर सिस्टर म्हणायचं. हात दाखव. दोन्ही बाजूंनी.”

नखं पसंत पडली. मुलाने सुनेकडे बघून भुवई उडवली आणि शीळ घालत दुकानात गेला. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? दुपार व्हायच्या आत युक्ती कशी उलटली ते सुनेला दिसलं. आंघोळीच्या वेळी मावशी पुढे झाली, तशी काठी आडवी आली.

“शिकाऊ मुलीने पहिले तीन आठवडे पेशंटला हात लावायचा नाही. फक्त डोळे. माझ्या वॉर्डात हा नियम होता आणि त्यामुळे माझ्या वॉर्डात कुणी पडलं नाही. सूनबाई, तू ये. आणि तू गं, तिकडे उभी राहून बघ, ती कुठे कुठे चुकते ते.”

म्हणजे आंघोळ सुनेच्याच गळ्यात राहिली, वर चुका काढायला एक माणूस वाढलं.

मावशीच्या वाट्याला पलंग आला. चादर घालायची, कोपरे दुमडून ताणायचे, सिस्टर काठीने एक टोक उपसणार, पुन्हा घालायची. एक कोपरा कसा दुमडायचा ते दाखवायला त्या स्वतः पाऊण तास पलंगाला धरून उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत पाय सुजले, आणि ते तेल लावून चोळायचं काम पुन्हा सुनेचं. शनिवारी त्यांनी तोंडी परीक्षा घेतली. मावशीला साठपैकी एकतीस मिळाले.

“वहिनी, माझ्या आयुष्यात एवढे पलंग मी घातले नाहीत,” मावशी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. “बारा दिवस झाले. आजींना अजून बोट लावलेलं नाही. आणि खरं सांगू? काल तुम्ही त्यांना न्हाणीतून उठवताना तुमचा चेहरा पांढरा पडला. मी दोन पावलांवर उभी होते, नुसते डोळे घेऊन. हे पाप माझ्याच्याने नाही होणार.”

तीन आठवडे सोमवारच्या पुढे जात होते. मुलाला सांगितलं तर त्याच्याकडे दुसरी युक्ती तयार.

“कोर्स लवकर संपला म्हणू. हवं तर छापखान्यातून सर्टिफिकेट करून आणतो, शिक्क्यासकट.”

“शिक्का तेवढा तुमच्या कपाळावर मारून आणा,” सून म्हणाली. एवढं तिखट ती वर्षातून एखाद वेळी बोलायची.

गुरुवारी सकाळी नेहमीप्रमाणे ती देवापुढे बसली. रोज तिचं एकच मागणं असायचं, आईंची समजूत घाल. त्या दिवशी हात जोडले आणि ओठ हलेनात. समजूत घाल म्हणजे काय घाल? आपण थापा मारायच्या आणि निभावून न्यायला देवाला उभं करायचं? ज्या बाईने उभ्या आयुष्यात कुणाला चुकीचं औषध दिलं नाही, तिला आपण पंधरा दिवस गोड गोळी चारतोय. तिने डोळे उघडले, पदर सारखा केला आणि देवाला काही न मागता उठली.

सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. मावशी कोपरे ताणत होती.

“आई, तुम्हाला सांगायचंय. ही शिकायला आलेली नाही. तुमचं करायला आली आहे. सोमवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. आम्ही तुमच्याशी खोटं बोललो.”

मावशीच्या हातातला कोपरा सुटला. मोठ्या सिस्टरनी काठी उचलून मांडीवर आडवी घेतली.

“म्हणजे पेशंट मी,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“खोकताना पोटावर हात धरतेस. गेल्या उन्हाळ्यापासून. मला दिसत नाही असं वाटलं तुला?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत, आई?”

“काय बोलू? तुझ्याशिवाय मला उठता येत नाही, आणि मला उठवायचं सोड म्हणून मीच सांगू?” मग त्यांनी डाव्या हाताने चादरीची एक सुरकुती मोडली. “तू सांगशील म्हणून वाट बघितली. तुझ्या नवऱ्याकडून ती आशा नव्हतीच. तो जन्मला तेव्हाही डॉक्टरांकडे बघून हसला होता.”

सुनेला हसू आलं आणि रडूही, पण दोन्हीला त्यांनी वेळ दिला नाही.

“चार्ज दे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“ड्युटी बदलते तेव्हा जाणारी सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी उभी राहते आणि येणारीला पेशंटचं सगळं सांगते. पेशंटसमोर. मग घरी जाते. तू आजवर कुणाला चार्ज दिलाच नाहीस, म्हणून ड्युटी सुटत नव्हती. उभी राहा तिकडे. आणि लपवायचं नाही काही.”

सून पायथ्याशी जाऊन उभी राहिली. मावशीही आपोआप ताठ झाली. सुरुवातीला सोपं होतं: वय, झटका कधी आला, कुठल्या गोळ्या कधी, उजव्या बाजूला तोल जातो. मग ती अडखळली.

“पुढे.”

“पहाटे... कधी कधी अंथरूण ओलं होतं. बोलायचं नाही, नुसतं बदलायचं. पांढरी गोळी आवडत नाही, जिभेखाली धरून ठेवतात आणि नंतर उशीखाली टाकतात.”

“हे तुला ठाऊक होतं?”

“उशी मीच झटकते ना, आई.”

“हं. पुढे.”

“आंघोळीत पाठ उघडी पडलेली आवडत नाही. आधी टॉवेल खांद्यावर टाकायचा, मग पाणी. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गप्प होतात. तेव्हा काही विचारायचं नाही, जवळ बसायचं.” सुनेचा आवाज आता खाली आला होता. “आणि कुणी धरून नेलं की म्हणतात, मी जाते माझी. तेव्हा हात काढायचा नाही, पण ढिला धरायचा.”

घरात जी गोष्ट कुणी तोंडातून काढत नव्हतं ती उघड्यावर सांगून झाली, आणि छत काही कोसळलं नाही. मोठ्या सिस्टरचे डोळे मिटलेले होते. सुनेला वाटलं, फार बोलले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “एक राहिलं.”

“काय?”

त्यांनी डोळे उघडून मावशीकडे बघितलं. “पेशंट जड आहे. कमरेतून वाकून उचलायचं नाही, गुडघ्यातून. आणि पेशंट म्हणेल, चल आत्ताच्या आत्ता, तरी घाईने उचलायचं नाही. आधीच्या बाईने ऐकलं पेशंटचं. तिला हर्निया झाला त्यात.”

सुनेने पलंगाची दांडी घट्ट धरली.

“घेतला चार्ज, सिस्टर,” मावशी म्हणाली.

“आजी म्हटलंस तरी चालेल आता. किती मार्क दिले होते मी तुला?”

“एकतीस.”

“बघू, वाढतात का. चल, आंघोळीचं पाणी काढ. कोमट. कोपराने बघ, बोटाने नाही.”

सून सवयीने पुढे झाली, तसा सासूबाईंनी डावा हात वर केला. “तुझं काय काम? नातेवाइकांनी बाहेर थांबायचं.”

न्हाणीचं दार लोटलं गेलं. सून बाहेर स्टुलावर बसली. आतून पाण्याचा आवाज, काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज. मग सासूबाई कुरकुरल्या, “मी बसते माझी,” आणि मावशी म्हणाली, “बसा ना, मी कुठे नको म्हणते,” आणि कुणी पडलं नाही. सुनेने देवाला काही न बोलता नुसती मान लववली. तेवढ्यावर देवाचं आणि तिचं भागायचं.

मग तिने दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या बाईने नाव शोधलं, पानं उलटली.

“सोमवार ना? बाई, दोनदा रद्द केलंय तुम्ही. या खेपेला नक्की येणार आहात?”

“नक्की.”

“घरी वयस्कर माणूस आहे म्हणत होतात. त्यांचं कोण बघणार?”

न्हाणीतून खणखणीत आवाज आला, “तिला म्हणावं, ऑपरेशनच्या आदल्या रात्री दहानंतर तुझ्या पोटात पाण्याचा थेंबही जाणार नाही, ते मी बघते. आणि सर्जन कोण आहे ते विचार.”

“सर्जन कोण आहे, म्हणून विचारतायत,” सून फोनवर म्हणाली.