मंगळावरची तापलेली तार

कार्यालयात तिला सगळे वारेबाई म्हणत. मंगळावर उतरलेल्या यानावरचा वारामापक तिने बनवला होता. केसासारखी बारीक तार विजेने तापवायची आणि वारा तिला किती झटपट थंड करतो ते पाहायचं. त्यावरून वेग कळतो. त्या तारेपायी तिची उमेदीची वर्षं गेली. मोठी बहीण चिडवायची, "घरातली धूळ पुसायला सवड नाही, आणि ही निघाली मंगळावरची मोजायला!"

एके दिवशी तिथे खरंच धुळीचं वादळ उठलं. यानावरचं आकाश काळवंडलं, सौरपट्ट्यांवर धूळ साचली आणि बॅटरी उतरू लागली.

मोहीमप्रमुखांनी तातडीने सगळ्यांना बोलावलं. "उपकरणं बंद करू. उरलेली वीज उबेसाठीच लागेल. बॅटरी गोठली, तर यान गेलंच म्हणून समजा."

वारेबाई उठून उभी राहिली. "साहेब, वादळ मोजायलाच तर तार पाठवली. ते आल्यावर डोळे मिटून बसायचं?"

"आणि त्याच यानावरचा भूकंपमापक? तो गेला तर?" साहेबांनी विचारलं.

भूकंपमापक सांभाळणारा समोरच बसला होता. तो तिचा नवरा. सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मधूनमधून तापवू दे तिला तार," तो म्हणाला. "पण बॅटरी धोक्याच्या रेषेला टेकली, की बंद. आणि बंद तिनेच करायची."

साहेबांनी नाइलाजाने मान हलवली.

त्या दिवसापासून दोघं घरी जेमतेम बोलत. ताटावर बसूनही लक्ष फोनकडे. वारा चढत होता, बॅटरी उतरत होती. एका दुपारी हवेचा दाब एकदम घसरला. वादळाचा मुख्य जोर आता येणार, हे तिला कळून चुकलं. नेमका तेव्हाच बॅटरीचा आकडा रेषेला टेकला.

"अजून एकदाच," ती पुटपुटली.

नवरा मागे उभा होता. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तिने तार बंद करण्याची आज्ञा पाठवली.

वीज वाचवायला यानाने संदेश पाठवणंही थांबवलं, मग नुसती वाट पाहणं. आठवडे गेले. यान जिवंत आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी तर निरोपाचं भाषणही मनात जुळवून ठेवलं होतं.

अखेर संदेश आला. भूकंपमापक ठणठणीत होता. तार मात्र थंडीने तुटली होती.

खोलीत टाळ्या वाजल्या. नवऱ्याला मात्र हसावं की नाही, कळेना.

"हस की," ती म्हणाली. "तुझं लेकरू वाचलं."

"आणि तुझं?"

"गेलं. पण जाताना वादळ देऊन गेलं. अर्धं का होईना."

ती जिन्यात जाऊन पोटभर रडली, तोंड धुतलं आणि तारेने आधी पाठवलेले आकडे उघडून बसली. त्यात दिसलं, की तिथली धूळ सगळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी वाऱ्यात उडाली होती. तिने लगेच नवऱ्याला हाक मारली.