चारही चाकांत अठ्ठावीस

१८ ऑगस्ट २०२५ रोजी रंगराव खिल्लारे यांनी ५२,५०० रुपयांना एक जुनी क्वाड विकत घेतली. क्वाड म्हणजे चार फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली, माती-दगडातून पळवायची गाडी. ही अडीचशे सीसीची, स्पोर्ट जातीची, एकाच माणसाच्या सीटची. मुळशीकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या शेडमध्ये ती तीन पावसाळे पडून होती. तिच्यासाठी रंगरावांनी आपली शाळेची व्हॅन विकली.

गाडी टेम्पोतून धायरीला आमच्या सोसायटीच्या फाटकात उतरली तेव्हा त्यांच्या पत्नी द्वारकाबाई खाली आल्या आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"अहो, व्हॅनला निदान दारं होती," त्या म्हणाल्या आणि डब्यांच्या पोळ्या करायला परत वर गेल्या.

रंगराव मूळचे वाशीम जिल्ह्यातले. तरुणपणी स्वारगेटला उतरले, तिथल्याच एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात क्लीनर म्हणून राहिले, मग ड्रायव्हर झाले आणि पुढे कर्ज काढून व्हॅनचे मालक. एकोणीस वर्षं त्यांनी धायरीतली मुलं शाळेत नेली आणि आणली. इतक्या वर्षांत त्यांची व्हॅन मुलांसकट रस्त्यात कधी उभी राहिली नाही. याचं श्रेय ते स्वतःला घेत नसत, हवेला देत. दर सोमवारी पहाटे ते पंक्चरवाल्याला उठवून चारही चाकांत हवा भरून घ्यायचे. स्टेपनीतसुद्धा. कोणाच्या स्कूटरचं चाक जरा बसलेलं दिसलं की जाता जाता सांगायचे, "साहेब, हवा बघा. हवा म्हणजे गाडीची तब्येत." सोसायटीतले लोक त्यांना चुकवण्यासाठी दुसऱ्या फाटकाने जात, पण हवा भरून घेत.

व्हॅनचं वय नियमात बसेना तेव्हा रंगराव सत्तावन्न वर्षांचे होते. नवी व्हॅन घ्यायला कर्ज कोणी देईना. एका एजन्सीने खराडीतल्या एका ऑफिसच्या इमारतीत सुरक्षारक्षकाची जागा देऊ केली. रंगराव एकदा जाऊन बघून आले.

"खुर्ची चांगली हाय," ते म्हणाले. तीस वर्षांनंतरही त्यांच्या बोलण्यात वाशीम अधूनमधून डोकावे. "पण ते बारा तास एका जागी. मी जन्मभर खुर्ची चालवली. बसून राहिलो नाही."

त्यांच्या डोक्यात दुसरी गोष्ट होती. खडकवासल्याच्या पुढे, सिंहगडाच्या पायथ्याकडे एक कृषी पर्यटन केंद्र आहे. आयटीतली मंडळी तिथे शनिवार-रविवारी येतात, पिठलं-भाकरी खातात आणि मुलांना बैलगाडीत बसवतात. तिथे क्वाडसाठी ट्रॅक होता, पण गाड्या लहान मुलांच्या होत्या. केंद्राच्या व्यवस्थापक भाग्यश्री मते यांनी रंगरावांना अट सांगितली होती. गाडी तुमची, ट्रॅक आमचा, फेरीचे पैसे निम्मे-निम्मे. मात्र गाडी आधी त्या स्वतः चालवून बघणार, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी ती पास व्हायला हवी. नाही तर एक ठेकेदार दोन नव्या गाड्या घेऊन तयार होता.

दुरुस्तीचं काम नाना पेठेतल्या फैझलकडे गेलं. फैझल दुचाकीचा मेकॅनिक. क्वाड त्याने पूर्वी पाहिली होती, उघडली नव्हती.

"काका, ही गाडी बाहेरची. हिचे पार्ट मागवले तर हिच्याएवढेच पैसे लागतील," तो म्हणाला.

"मग न मागवता कर."

आणि त्याने तसंच केलं. स्वस्तातली दुरुस्ती म्हणजे हलकी दुरुस्ती नव्हे, हे त्या दीड महिन्यात दिसलं. मागच्या ॲक्सलची बेअरिंगं खडखडत होती. विदेशी क्वाडचं बेअरिंग द्या म्हटलं तर पेठेतला एकही दुकानदार मान वर करत नव्हता. फैझलने जुनं बेअरिंग रॉकेलने धुतलं, कडेवर कोरलेला नंबर वाचला आणि तोच नंबर सांगितला, तेव्हा ते पहिल्याच दुकानात मिळालं. बेअरिंगला देश नसतो, नंबर असतो. कार्ब्युरेटर एका अपघातातल्या मोटारसायकलचा बसवला. चेन देशी, तिचं दातेरी स्प्रॉकेट लेथवर कातून घेतलेलं. सीट रिक्षाच्या गाद्या शिवणाऱ्याने शिवली, त्यामुळे तिच्यावर दोन्ही बाजूंना रिक्षासारखी लाल पट्टी आली. रंगरावांनी स्वतःच्या हट्टाने एकच सुधारणा करवून घेतली. ॲक्सिलरेटर एका मर्यादेपुढे दाबला जाऊ नये म्हणून आडवा स्क्रू.

"काका, ही स्पोर्ट गाडी आहे," फैझल म्हणाला.

"बसणारा कोणाचा तरी पोरगाच असतो."

एक अडचण होती. अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही आणि पेठेत माती नाही. त्यामुळे फैझलने जी काही चाचणी घेतली ती स्टँडवर, चाकं हवेत फिरवून. इंजिन सुरेख चालत होतं. चाकांबद्दल त्याने एकदा विचारलं होतं.

"हवा माझ्याकडे," रंगराव म्हणाले. "तू इंजिन बघ."

दसरा दोन ऑक्टोबरला होता. दसऱ्याला गाडी धुवायची, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि हवा भरून घ्यायची, ही रंगरावांची पद्धत. गॅरेजमधल्या इतर गाड्यांबरोबर क्वाडलाही झेंडूचा हार पडला. समोरच्या पंक्चरवाल्याने विचारलं, "किती भरू?" टायरवरची अक्षरं झिजून गेली होती. व्हॅनला रंगराव अठ्ठावीस पौंड भरत.

"अठ्ठावीस. चारही."

टायर टणक झाले. रंगरावांनी प्रत्येकावर थाप मारून पाहिली. आवाज त्यांच्या पसंतीचा आला.

सहा तारखेला फैझलचे मामा दादामियाँ यांच्या टेम्पोतून क्वाड केंद्रावर गेली. पाऊस संपून ट्रॅकवरची ढेकळं वाळली होती. भाग्यश्रीताईंनी हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली आणि पहिल्या वळणापर्यंतही त्या नीट बसून गेल्या नाहीत. गाडी ढेकळावरून ढेकळावर उड्या मारत होती. वळणावर मागचं चाक उचललं गेलं. त्या उतरल्या आणि गाडी ढकलत परत आणली.

"रंगरावकाका, माझ्या दाढा मोजून घेते. सगळ्या असतील तर पुढचं बोलू."

"ताई, इंजिन कसं वाटलं?"

"इंजिन छान आहे. बाकीची गाडी त्याच्या मागे का लागलीय ते बघा." मग त्यांनी तारीख दिली. "बुधवारी, पंधराला. त्या दिवशी अकराला मला पुण्यात जायचंय. दहाला गाडी इथे पाहिजे. त्यानंतर मी ठेकेदाराला फोन करणार. माझा नाइलाज आहे, बुकिंग घेतलंय."

खराडीच्या एजन्सीला रंगरावांनी सोळा तारखेपर्यंत थांबवून ठेवलं होतं.

परतीच्या वाटेवर टेम्पोत रंगराव, फैझल आणि दादामियाँ यांचं निदान झालं. गाडी उड्या मारते म्हणजे शॉकअप गेले. यात कोणाला शंका नव्हती. आदळआपट झाली की शॉकअप, असंच ते तिघं आयुष्यभर मानत आले होते. मागे एक आणि पुढे दोन शॉकअप बदलायचे म्हणजे नवे परवडणारे नव्हते. फैझलने एका वजनदार मोटारसायकलचे वापरलेले शॉकअप शोधले, बसवायचे कान वेल्डिंग करून घेतले. खर्च द्वारकाबाईंच्या डब्यांच्या पैशातून झाला. त्यांनी पैसे दिले आणि एवढंच विचारलं, "आता तरी खाली बसेल ना ती?"

बसली नाही, उलट उठली. नवे शॉकअप जुन्यांपेक्षा लांब होते, त्यामुळे गाडी तीन बोटं उंच झाली. हे बुधवारी सकाळी टेम्पोत चढवताना कळलं. दादामियाँच्या टेम्पोला ताडपत्रीसाठी लोखंडी चौकट वेल्ड केलेली होती. हँडल तिच्या आडव्या दांडीला अडलं.

"हँडल खोल," रंगराव फैझलला म्हणाले.

"वायरी, केबली सगळ्या सोडाव्या लागतील काका. दुपार होईल."

दादामियाँनी खिशातून खिळा काढला, खाली बसले आणि पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये खुपसला. फुस्स आवाज झाला.

"अहो मियाँ! काय करता?"

"गाडी बसवतो. दोन बोटं तुम्ही वर केली, दोन मी खाली करतो."

"तीन बोटं!"

"मग तिसऱ्या बोटासाठी अजून थोडी काढतो. ओरडू नका, रिमवर टेकू देत नाही मी."

चारही चाकांतली बरीचशी हवा गेली. रंगराव तोंड फिरवून उभे राहिले. क्वाड दांडीखालून सरकली आणि टेम्पो निघाला.

दहाला दहा मिनिटं कमी असताना ते केंद्रावर पोचले. रंगरावांचा पायपंप व्हॅनच्या हत्यारांबरोबर विकला गेला होता. केंद्रावर पंप नव्हता.

"ताई, दहा मिनिटं. बसलेल्या चाकांवर गाडी दाखवणार नाही मी. एकोणीस वर्षांत दाखवली नाही."

"अकराला मला—"

पण ते दादामियाँना 'गाडीला कोणाला हात लावू देऊ नका' असं बजावून वॉचमनची स्कूटर घेऊन निघाले होते. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जागचा हलणारा नव्हता.

"पायपंप हाय," तो म्हणाला. "तीस रुपये भाडं. परत आणून द्यायचा."

रंगरावांनी फोन पुढे केला. स्कॅनर चालेना, आणि पाचशेच्या नोटेला त्याच्याकडे सुट्टे नव्हते.

"ऱ्हाऊ द्या, पंप देताना द्या."

रंगराव पंप पायांत ठेवून परत आले. फाटकात आल्यावर त्यांनी स्कूटर थांबवली. ट्रॅकवर गाडी चालली होती. भाग्यश्रीताई बसलेल्या होत्या आणि बसलेल्याच राहत होत्या. ढेकळं चाकांखाली येत होती आणि चाकं त्यांच्यावरून दबून, पसरून जात होती. वळणावर गाडी जमिनीला धरून वळली. दादामियाँ दगडावर बसून बिडी ओढत होते.

"मियाँ, मी सांगितलं होतं ना, हात लावू देऊ नका?"

"तिने विचारलं नाही. मी पण विचारलं नाही."

ताई जवळ येऊन थांबल्या आणि हेल्मेट काढलं. "काका, काय केलंत?"

रंगरावांनी वाकून पुढचं चाक दाबलं. ते अंगठ्याखाली आत गेलं. त्यांनी शॉकअपकडे पाहिलं, मग पुन्हा चाकाकडे.

"हवा किती आहे यात?" त्यांनी दादामियाँना विचारलं.

"मोजली कोणी? चार-पाच असेल."

"चार-पाच," रंगराव म्हणाले.

"एवढीच ठेवा," ताई म्हणाल्या. "शनिवारी सकाळी आठला या. आणि तो पंप खाली ठेवा हो, तुमच्या हातात बघून मला भीती वाटतेय."

शॉकअप तसेच राहिले. काढायलाही पैसे पडले असते. घसारा धरूनसुद्धा गाडीने दिवाळीच्या सुट्टीत बरी कमाई केली. खराडीची जागा एजन्सीने दुसऱ्याला दिली. रंगराव आता रोज सकाळी फेऱ्या सुरू होण्याआधी चारही चाकांत अंगठा दाबून बघतात, आणि चाक टणक लागलं तर हवा सोडतात. सोसायटीत मात्र त्यांचा सल्ला बदललेला नाही. स्कूटरला हवा भरून घ्या, असंच ते सांगतात. क्वाडचा विषय निघाला की म्हणतात, "तिची तब्येत वेगळी हाय."

पंप त्याच दुपारी वॉचमनच्या हाती परत गेला. फाट्यावरचा पंक्चरवाला म्हणतो, पंप दुकानातून गेला म्हणजे भाडं लागू झालं. रंगराव म्हणतात, पंपाने एक दमडीचीही हवा भरली नाही, भाडं कसलं? दोघं रोज सकाळी एकमेकांना नमस्कार करतात.

तीस रुपये अद्याप द्यायचे आहेत.