वाटीभर शहाणपणा

पावडरच्या दुधाचा वास आला की पेडण्याच्या घरातली ती सकाळ आठवते. आमच्या तान्ह्या लेकीचं वजन घटल्यामुळे आठवडाभर तिला हे दूध द्यावं लागलं होतं. आता वजन भरलं होतं, आणि पुन्हा फक्त अंगावरच पाजायचं, असा बायकोनं ध्यास घेतला होता. सासूबाई बायकोला न्हाणीत न्हाऊ घालत असताना लेक रडली आणि मी शहाण्यानं वाटीभर पावडरचं दूध पाजून टाकलं. बायको न्हाऊन आली तेव्हा तिची छाती दुधानं ठणकत होती आणि लेक ढाराढूर! बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. "जावयबापू, तुमका दूध येता तर तुमीच पाजा," सासूबाई म्हणाल्या. मग दोन तास मी लेकीच्या तळव्यांना गुदगुल्या करत बसलो. जागी होताच ती आईला बिलगली. "घोट ऐकू येतात रे," बायको हसली. लेक आता शाळेत जाते, तरी ती रडली की काही देण्याआधी मी बायकोला विचारतो.