ट्रायल रूममधलं व्हायोलिन

आमचे हे शिंपी. अख्खी गल्ली ह्यांना मास्तर म्हणते, आणि मास्तरांना वाटतं, जगातली प्रत्येक गोष्ट टेपने मोजता येते. बावन्नाव्या वर्षी ह्यांनी व्हायोलिनचं खूळ घेतलं.

शिकवणाऱ्या बाईंची नजर अधू, कान मात्र भलते तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "तीन महिने बघते. एक सप्तक सुरात वाजलं नाही तर थांबायचं." त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाहीत. तेव्हाच ओळखलं, प्रकरण साधं नाही.

दुकानात फुरसत कुठली? दोन गिऱ्हाइकांच्या मधे ट्रायल रूमचा पडदा ओढून रियाज चाले. एक बाई कोट घालून बघायला आल्या आणि काळजीने म्हणाल्या, "आत कुणाला फार घट्ट होतंय का?" काज करता करता मी सुई बोटात टोचून घेतली.

व्हायोलिनवर बोटं कुठे ठेवायची याच्या खुणा नसतात. ह्यांना ते पटेना. बाईंनी तारेवर बोट ठेवलं की हे गुपचूप टेप लावायचे, माप वहीत लिहायचे आणि घरी येऊन आपल्या व्हायोलिनवर खडूने रेघ मारायचे.

तरी सूर लागेना. मोकळ्या तारेचा 'सा' बरोबर, पुढचे सगळे चढे, आणि सगळे सारखेच चढे. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मशीनचा दोरा तुटायच्या आधी आवाज बदलतो तो मला पलीकडच्या खोलीतून कळतो. एक दिवस हे बाहेर गेल्यावर मी वही आणि रेघा ताडून पाहिल्या. प्रत्येक रेघ अर्धं बोट पुढे! पुढेमागे गिऱ्हाईक जाड झालं तर उसवायला शिवणीत माया सोडतात ना, तशी ह्यांनी सुरांनाही सोडली होती. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

सांगितलं असतं तर ह्यांनी नव्या रेघा मारल्या असत्या. म्हणून परीक्षेच्या सकाळी, हे आंघोळीला गेल्यावर, मी ओल्या फडक्याने सगळ्या पुसून टाकल्या आणि साळसूदपणे सोबत गेले.

बाईंसमोर व्हायोलिनची पेटी उघडली आणि ह्यांचा चेहरा पडला. माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग हे डोळे मिटून बोट सरकवत राहिले. 'रे' दोनदा हुकला, तिसऱ्यांदा लागला. 'ग' काही केल्या सापडेना. आता मात्र माझं धाबं दणाणलं. बाई नाही म्हणाल्या तर ह्यांचं व्हायोलिन मीच बंद पाडलेलं असणार होतं.

सप्तक काही पुरं झालं नाही. बाई म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुम्ही ऐकून वाजवलंत. सोमवारी या."

रस्त्यात हे कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "तूच पुसल्यास ना?"

"हो."

"चुकतंय हे कधीपासून कळत होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तीन महिने बोलली नाहीस?"

"सुरुवातीलाच बेसूर म्हणाले असते तर तुम्ही सोडून दिलं असतं," मी म्हणाले. "सव्वीस वर्षांच्या संसारात तुम्हाला स्वतःसाठी काही हवंय, असं मला पहिल्यांदाच दिसलं होतं."