पाचवी टर्की

लायडनहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत, शांतता पाळायच्या डब्यात, एक डच म्हातारा रोज माझ्यासमोर बसायचा. खिशातून लाकडी डबी काढून तिचं झाकण हळूच घासायचा. शिकारी नराला भुलवायला काढतात तसा टर्की पक्ष्याच्या मादीचा आवाज यायचा. शिस्तप्रिय लोक फक्त घसा खाकरायचे.

एकदा तोच कुजबुजला, "रानटी टर्कीचे पाच प्रकार. चार अमेरिकेत जाऊन टिपले. पाचवा मेक्सिकोत. पण तिकीट काढायला हात धजत नाही."

"का?"

"तो झाला की पुढे काय?"

पिसांच्या कडांचा रंग सोडला तर पाचही सारखेच, हेही त्यानेच सांगितलं. मला मनातल्या मनात हसू आलं. एकाच पक्ष्यासाठी एवढी वणवण! मग काहीतरी बोलायचं म्हणून मी अष्टविनायकांबद्दल सांगितलं. आठ गावं, आठ गणपती, माझे सात झालेत.

"देव वेगवेगळे?"

"नाही. एकच."

तो हसला नाही. "आठवा झाल्यावर?"

"पुन्हा पहिल्याच्या दर्शनाला जायचं. त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही."

त्याने डबी खिशात टाकली आणि फोनवर मेक्सिकोचं तिकीट शोधायला लागला.